लुडबुड

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सिंदी (रेल्वे) गावाच्या रस्त्यांवर जे बैल निघतात त्यांना चारा लागत नाही. आदल्या दिवशी, श्रावणातल्या अमावास्येला, गोठ्यातले खरे बैल शिंगांना बेगड लावून आणि पाठीवर झूल घेऊन तोरणाखाली उभे राहून गेलेले असतात. पाडव्याला येतात ते लाकडाचे. खाली चार चाकं, गळ्यात घुंगरमाळ आणि दोरी पोराच्या हातात. काही बैल वीतभर उंचीचे. काही मात्र एवढे थोराड, की पोरगं नुसतं दोरीला हात लावून ऐटीत चालतं आणि खरा जोर लावायला मागे बाप, काका, शेजारचे चौघं असतात. हा तान्हा पोळा. नागपूरकर दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या काळात, म्हणजे १७८८ ते १८१६ च्या दरम्यान, तो सुरू झाल्याचं परंपरेनं सांगतात. विदर्भाबाहेर त्याचं नाव फारसं कुणी ऐकलेलं नसतं. सिंदीत मात्र त्या दिवशी पै-पाहुण्यांनी घरं भरलेली असतात.

(गावाच्या नावापुढचा कंसातला 'रेल्वे' पाहून बाहेरचा माणूस हसतो. वर्ध्याला खेटून दुसरी सिंदी आहे, ती सिंदी (मेघे). ही नागपूर-वर्धा लोहमार्गावरची, बोरखेडी आणि तुळजापूर या स्टेशनांच्या मधली. आगगाडी इकडून नागपूरपर्यंत पोचली ती १८६७ साली.)

हा सण ज्यानं कुणी काढला त्याला लहान पोरांची नस सापडली होती. मोठ्यांचं जे चालतं ते आपलंही चालायला हवं, ही ओढ मुलाला चालता येऊ लागतं तेव्हापासूनच असते. मोठ्यांचा पोळा झाला ना, मग यांचाही होऊ द्या. आणि नुसता लाकडी बैल देऊन बोळवण नाही. यांनाही तोरण, यांनाही झडत्या म्हणजे पोळ्याची गाणी, बैलाची पूजा, उत्तम सजावटीला बक्षीस. सगळं साग्रसंगीत.

अडचण तिसऱ्या दिवशी सुरू होते. तेच पोरगं सकाळी उठून अंगणातला खराटा ओढायला जातं आणि घरातून आवाज येतो, "ठेव तो खराटा. मधात मधात नको करू. जाय, तिकडं खेळ."

मराठीत या प्रकाराला नेमका शब्द आहे, लुडबुड. शब्द अर्थातच मोठ्यांनी केलेला. पोराला विचारलं असतं तर त्यानं 'मदत' म्हटलं असतं.

त्याचं म्हणणं खरं आहे का, हे तपासून पाहणाऱ्या हॅरिएट राइनगोल्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ होत्या. त्यांचा अभ्यास १९८२ साली प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेतच त्यांनी एक घर मांडलं. टेबल लावायचं राहिलेलं, कपडे घडी करायचे पडलेले, जमिनीवर कागदाचे कपटे. आई किंवा बाप मूल घेऊन आत यायचे आणि कामाला लागायचे. मुलाला मदत कर म्हणून सांगायचं नाही, एवढी अट. मुलं दीड, दोन आणि अडीच वर्षांची. बहुतेक सगळी आपणहून कामात शिरली. कुणी कपटे वेचले, कुणी झाडू धरला. मला त्या अभ्यासातली दुसरी एक गोष्ट जास्त बोलकी वाटते. यातल्या पालकांचा घरचा रिवाज असा होता, की मूल झोपलं की कामं उरकून घ्यायची, म्हणजे मध्येमध्ये येत नाही. कामात रमणारं मूल आणि त्याला कामापासून लांब ठेवणारे आईबाप. अमेरिका काय नि आपलं घर काय.

पुढे २००६ मध्ये फेलिक्स वॉर्नेकन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी अठरा महिन्यांच्या मुलांसमोर मुद्दाम फजिती करून घेतली. कपडे वाळत घालताना हातातला चिमटा पाडला आणि तो उचलायला हात पोचत नाही असं दाखवलं. दोन्ही हातांत पुस्तकांची चळत घेऊन बंद कपाटाला धडका दिल्या. २४ पैकी २२ मुलांनी एकदा तरी मदत केली, तीही कुणी न सांगता, न शाबासकी देता. कपाटाचं दार उघडून देणारं दीड वर्षाचं मूल डोळ्यांपुढे आणा. समोरच्याला काय हवंय, ते का जमत नाही आणि आपण त्यात काय करू शकतो, एवढं सगळं त्याला कळलेलं आहे. अजून धड दोन शब्द जोडता येत नसतात.

मुलांचे डॉक्टर विकास तपासायला डेन्व्हर नावाचा तक्ता वापरतात. तो मूळ १९६७ चा. त्यात उभं राहणं, ठोकळ्यावर ठोकळा ठेवणं यांच्या जोडीला मूल घरकामाची नक्कल करतं का, घरात मदत करतं का, हेही विचारलेलं असतं. म्हणजे खराट्याकडे धावणारं मूल काही वाह्यात निघालेलं नसतं. वयाप्रमाणे नीट वाढत असतं.

आता एका अंगणात जाऊ. पौषातली सकाळ, उन्हाला नुकती ऊब आलेली. शेतातून तुरीच्या ओल्या शेंगा आल्या आहेत आणि आजी सुपात ढीग घेऊन सोले काढायला बसली आहे. सोले म्हणजे तुरीचे हिरवे दाणे. आज सोलेवांगे होणार. दोन वर्षांची नात येते आणि सुपातच बसायला बघते. सून आतून म्हणते, "आई, उचला न तिले, सांडवून टाकते सारं." आजी म्हणते, "राहू दे वं. तिचे ती काढन, माहे मी काढतो."

आजी पुढे काय करते ते बारकाईनं बघण्यासारखं आहे. ती नातीला एक कटोरी देते आणि बाजूला बसवते. सुपाचा ढीग आजीचा, कटोरी नातीची. पहिली शेंग नात दोन्ही हातांनी पिळते, चावते, फेकून देते. दुसऱ्या शेंगेला आजी टोकाशी अंगठ्यानं दाबते. शेंग 'पट्' करून जरा उघडते. तशी अर्धवट उघडलेली शेंग ती नातीच्या हातात देते. आता नातीला फक्त फट रुंद करायची आणि बोट फिरवायचं. एक दाणा निघतो आणि जमिनीवर पडतो. ती तो उचलते, चिमटीत धरून, जीभ किंचित बाहेर काढून, आणि कटोरीत टाकते. टक्. मग दुसरा. दहाबारा शेंगांनंतर आजी शेंग कमी उघडून द्यायला लागते. नातीला त्याचा पत्ता नाही. अर्ध्या तासानं एखादी शेंग ती स्वतःच फोडते आणि आजीकडे बघते. आजी वर बघत नाही, "हं" म्हणते आणि पुढची शेंग घेते.

याला शिक्षणशास्त्रात स्कॅफोल्डिंग म्हणतात. वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी १९७६ च्या एका लेखात हा शब्द रूढ केला. बांधकामाला परांची लावतात तसा आधार द्यायचा, जेवढा लागतो तेवढाच, आणि भिंत उभी राहत जाईल तसा काढून घ्यायचा. आजीला हा शब्द माहीत असायचं कारण नाही. तिला शेंग किती उघडून द्यायची ते माहीत आहे.

मध्येच एका शेंगेतून हिरवी अळी निघते. नात हात झटकते, मग वाकून बघते. आजी सांगते, ही अळी शेंग पोखरते, दाणा खाते, हे बघ भोक. तिथून पुढची प्रत्येक शेंग भोक आहे का म्हणून तपासली जाते. सोलण्याचा वेग शून्यावर येतो. पण बघा, एका सकाळी पोरीच्या हाताला चिमटीचा सराव झाला. एका शेंगेत चार दाणे तर दुसरीत तीन, हे नजरेला जाणवलं. रिकामं टरफल हलकं, भरलेली शेंग जड. कोवळा दाणा, जून दाणा, किडका दाणा. टरफलं गाईला, दाणे भाजीला, अळी कोंबडीला. वर्गीकरण म्हणून शाळेत पुढे जे शिकवतात ते याहून निराळं काय असतं? शिवाय जेवताना भाजीतला एक सोला बोटानं उचलून ती 'माझा' म्हणणार, ते वेगळंच.

आई-वडिलांसाठीच्या सल्ल्यांत हल्ली एक सांगणं वारंवार भेटतं, घरकामाचा खेळ करा. झाडताना गाणी म्हणा, घड्या घालायची शर्यत लावा, प्रत्येक कामाला एक नाटक जोडा. हेतू चांगला आहे, पण मला तो थोडा उलटा वाटतो. दोन वर्षांच्या मुलाला काम आणि खेळ यांच्यातली भिंत अजून दिसलेलीच नसते. ती आपण बांधतो आणि मग त्यावर रंगीत चित्रं काढत बसतो. शेंग सोलण्यात त्याला जी मजा येते ती शेंगेत आहे, आवाजात आहे, आजीशेजारी आजीसारखंच बसण्यात आहे. त्याला गंमत हवी असेल तर ते स्वतः आणतं. टरफलाची होडी करतं, दाण्यांची रांग लावतं. मोठ्यांनी फक्त कामात खरा वाटा द्यावा. बाजारात मिळणारा प्लास्टिकचा झाडू बघा. दोन दिवसांत तो खाटेखाली जातो, कारण त्यानं काहीच झाडलं जात नाही, हे मुलाला कळतं. झिजून आखूड झालेला खरा फडा द्या, तो महिनोनमहिने चालतो.

रोममध्ये १९०७ च्या ६ जानेवारीला गरीब वस्तीतल्या मुलांसाठी बालगृह उघडणाऱ्या मारिया माँटेसरींना हेच दिसलं होतं. तिथे खेळणी होती, पण मुलं धूळ पुसण्यात, हात धुण्यात, टेबल मांडण्यात जास्त गुंतायची. त्यांनी त्यातूनच 'व्यवहारातील काम' हा आपल्या पद्धतीचा पायाच केला. एकदा त्यांनी मुलांना रुमालानं नाक कसं शिंकरावं ते शांतपणे करून दाखवलं, तर मुलांनी टाळ्या वाजवल्या. शेंबड्या म्हणून रोज हिणवलं जाणाऱ्या पोरांना पहिल्यांदाच कुणीतरी माणूस समजून ते शिकवलं होतं. माँटेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या आणि युद्धामुळे अडकून १९४६ पर्यंत राहिल्या. त्यांच्या पद्धतीचं महागडं साहित्य मात्र खेड्यातल्या बालवाडीला कसं परवडावं? ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा शंख, बिया, पानं, खडे हेच साहित्य केलं. पुढे अनुताई वाघांच्या साथीनं कोसबाडला त्या मुलांच्या अंगणातच जाऊन बसल्या. अंगणवाडी ही कल्पना तिथली.

पण सिंदीच्या जवळचं उदाहरण त्याहून नेमकं आहे. गाडीत बसलं की काही स्टेशनांवर सेवाग्राम. वर्ध्याला २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिक्षण देणारी नई तालीम तिथून निघाली. चरखा आणि तकली सगळ्यांना आठवतात, पण ती सात वर्षांपुढच्या मुलांसाठी होती. त्या आधीच्या वयाचं काय, हा प्रश्न उरलाच होता. १९४४ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर गांधीजींनी नई तालीम जन्मापासून मरणापर्यंतची मानली आणि जानेवारी १९४५ च्या सेवाग्राम परिषदेनंतर तिचे टप्पे पडले. त्यातला पहिला पूर्व-बुनियादी. सेवाग्रामात हे काम शांता नारुलकरांनी उभं केलं. अंघोळ, केस विंचरणं, अंगण झाडणं, पाणी भरणं, भाजी निवडणं, एकत्र जेवणं हाच अभ्यासक्रम. आणि मुलाच्या आईला सोबत घेतल्याशिवाय काही होत नाही, ही त्यामागची जाण. आज त्याच परिसरात २००५ पासून आनंद निकेतन ही शाळा चालते.

मला यात एक गमतीचा उलटफेर दिसतो. शिक्षणतज्ज्ञांनी घरातलं काम उचलून शाळेत नेलं, आणि आपण शाळेतली अक्षरं-अंक उचलून घरात आणली. दोन वर्षांच्या मुलाच्या हातात पाटी, नाहीतर मोबाइल. स्वयंपाक होईपर्यंत ते गप्प राहावं म्हणून फोन द्यायचा, हे आता खेड्यातही सर्रास आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं, की वर्षाच्या मुलाला स्क्रीन नकोच आणि दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभराहून जास्त नको. पण फोनऐवजी काय, याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. ते ओट्याखालच्या भांड्यांत असतं.

पानं घ्यायच्या वेळी मुलाला चमचे वाटायला सांगा. आबाजींना एक, आजीला एक, बाबाला एक. मोजता न येणारं मूलही एकास एक लावत जातं, आणि आकडे कळण्याआधीची पायरी हीच असते. एखाद्याच्या पानाशी दोन चमचे पडले तर लगेच दुरुस्त करू नका. जेवणारा स्वतःच म्हणेल, "माहाकडं दोन आले न बाप्पा." तुळशीला पाणी घालायला लहान गडू द्यावा, अर्धाच भरून. पूर्ण भरला की वाटेतच सांडतो आणि मग आपणच ओरडतो. वाळलेल्या कपड्यांतून सगळ्यांचे मोजे, रुमाल वेगळे काढणं त्याला छान जमतं. घडी मात्र चार वर्षांपर्यंत तुमच्या मनासारखी होणार नाही. सांबार निवडायला द्या. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी, कोथिंबीर. आमच्याकडे सांबार हिरवा असतो.) निम्मी काडी पानांत येईल. चालतं.

सूचना एका वेळी एकच द्यावी, आणि बोलत राहण्यापेक्षा करून दाखवावं. मानसशास्त्रज्ञ बार्बरा रोगॉफ यांनी ग्वाटेमालातल्या माया कुटुंबांत वर्षानुवर्षं हेच पाहिलं. तिथली मुलं मोठ्यांच्या कामाच्या काठाशी असतात, टक लावून बघतात आणि जमेल तेवढा हात लावतात. कुणी त्यांच्यासाठी वेगळा 'उपक्रम' मांडत नाही.

आणि बोजारा? तान्ह्या पोळ्याला बैल घेऊन घरोघर गेलं की पोरांच्या हातावर पैसे ठेवतात, त्याला बोजारा म्हणतात. वर्षातून एकदा तो हवाच. रोजच्या कामाला मात्र बोजारा लावू नये. वर सांगितलेल्या वॉर्नेकन आणि टोमासेलोंनीच २००८ मध्ये वीस महिन्यांच्या मुलांवर प्रयोग केला. काहींना मदतीबद्दल छोटं खेळणं दिलं, काहींना नुसतं 'थँक्यू' म्हटलं, काहींना काहीच नाही. पुढच्या फेरीत बक्षीस मिळालेली मुलंच मागे राहिली. आधी जे आपल्याला वाटलं म्हणून करत होती ते आता सौद्यावर गेलं होतं. चमचा आणून दिल्यावर चॉकलेट द्यायची सवय असेल तर ती सोडा. दर वेळी टाळ्याही पिटू नका. आजीचं "हं" पुरतं.

आता जरा कडक. तीन वर्षांखालच्या मुलाजवळ दाणे-बिया ठेवून उठून जायचं नाही, क्षणभरही नाही. सोला असो, हरभरा असो, चिंचोका असो, तो नाकात जातो. शेंगदाणा श्वासनलिकेत अडकतो आणि मग दवाखान्यात धाव. आजी शेजारी होती म्हणूनच ती सकाळ ठीक होती. पाण्याची बादली वीतभर भरलेली असली तरी तोल जाऊन डोकं आत गेलेलं मूल बाहेर निघू शकत नाही. काम झालं की ती उपडी करावी. चूल, कढई, इस्त्री, वाळलेल्या मिरच्यांची देठं, फिनाइल यांत वाटा नाही म्हणजे नाही. आणि कपाशीच्या घरात सगळ्यात आधी बघायची ती फवारणीची बाटली. रिकामी झाली म्हणून ती धुऊन पाणी घालायला घेणारी घरं मी पाहिली आहेत. ती पोराच्या हातात कधीच जाऊ नये, घरातही राहू नये.

एक गाऱ्हाणं पोरांच्या वतीनं. लाकडी बैल मुलाला आणि भातुकली मुलीला, ही वाटणी जुनी. तान्ह्या पोळ्यात आता मुलीही बैल ओढताना दिसतात, पण स्वयंपाकघरातून मुलगा चार-पाच वर्षांचा होताच हाकलला जातो. "पोट्ट्याचं काय काम इथं?" दोन वर्षांचा असताना कणकेच्या गोळ्यासाठी तोही तितकाच रडलेला असतो, हे कुणाला आठवत नाही. मग पंचविसाव्या वर्षी त्याला चहा येत नाही म्हणून सासरचे हसतात.

उरला वेळेचा प्रश्न. कामावर निघायच्या घाईत असलेल्या आईला हे वाचून पुस्तक फेकून द्यावंसं वाटलं तर तिचं चुकत नाही. मुलाबरोबर केलेलं काम दुप्पट वेळ घेतं, कधी तिप्पट. रोज सगळ्या कामांत त्याला घ्यायला सांगतच नाही. शाळा-ऑफिस-शेताच्या धावपळीची सकाळ सोडून द्या. दिवसातलं एक काम ठरवा, ज्याला उशीर झाला तरी कुणाची गाडी चुकत नाही. संध्याकाळची भाजी निवडणं असेल, अंथरुणं घालणं असेल. आणि घरात आजी-आबाजी असतील तर हे काम त्यांचं आहे, त्यांच्याइतका वेळ घरात कुणाकडे नसतो.

त्या अंगणात दुपारी सून सूप उचलायला आली. आजीचे सोले गंजभर झाले होते. नातीच्या कटोरीत तेवीस दाणे, एक टरफल आणि एक खडा होता. ती स्वतः चटईवर आडवी होऊन झोपली होती, मुठीत एक न फोडलेली शेंग. आजीनं खडा काढला, टरफल काढलं आणि कटोरी गंजात रिकामी केली. मुठीतली शेंग तेवढी राहू दिली.